पाच हजार चाळीस तारा

मागांच्या त्या कारखान्यात कानठळ्या न बसणारी खोली एकच होती, आणि तिथं राज्य होतं दोन जावांचं. थोरली पुढून बसायची, धाकटी मागून, आणि दोघींच्या मधे लाकडी चौकटीला टांगलेल्या आठ राचा. राच म्हणजे उभ्या बारीक सळ्यांची जाळी. दर सळीच्या पोटात एक नेढं, सुईला असतं तसं. कापडाचं उभं सूत गुंडाळलेला बीम, मांडीहून जाड रूळच तो, मागावर चढायच्या आधी या खोलीत यायचा. सुताला कारखान्यात तारच म्हणतात. धाकटीनं मागून एकेक तार पुढं करायची, थोरलीनं आकडी नेढ्यात घालून ती ओढून घ्यायची. पहिली तार पहिल्या राचेत, दुसरी दुसरीत, आठ झाल्या की पुन्हा पहिलीपासून. बोलायला सोपं आहे. बसून बघा म्हणजे कळेल. पाठीचं लाकूड होतं आणि बुडाचा दगड.

एका बीमला तारा पाच हजार चाळीस. एक कमी नाही, एक जास्त नाही.

हा आकडा सासूनं घालून दिलेला. थोरलीच्या आधी त्या स्टुलावर सासू बसायची. अंगानं काटकुळी, पण तोंड उघडलं की मुकादम चहाला निघून जायचा. थोरली नवी होती तेव्हा तिनं एकदा विचारलं होतं, "सासूबाई, सरळ पाच हजार का नाही घ्यायच्या? वरच्या चाळीस कशाला?"

"सरळ दिसायला तुझा नवराही सरळ दिसतो," सासू म्हणाली, आणि विषय संपला.

मोजायची रीतही सासूचीच. थोरलीनं आठ तारा ओढल्या की त्यांची एक गाठ मारायची. अशा नऊ गाठी झाल्या की त्या एकत्र बांधून मोठी गाठ. धाकटीनं मागं नऊ तारा मोजून त्यांच्याभोवती रंगीत दोऱ्याचा सैल फास घालायचा, मग त्या नऊ एकेक करून पुढं द्यायच्या. तिचे आठ फास झाले की लाल दोरा. दोघींनी मोजायचं आपापलं, एकमेकींना विचारायचं नाही. शेवटी पुढच्या सत्तर मोठ्या गाठी पुऱ्या, मागचे सत्तर लाल दोरे पुरे, म्हणजे बीम पुरा. आठवाली आणि नऊवाली, दोघी एकाच दारातून बाहेर पडायच्या. कसं, ते कुणी विचारलं नाही. घड्याळाचे दोन काटे बाराला भेटतात, त्यात विचारण्यासारखं काय असतं?

फक्त एकदा तसं झालं नव्हतं. बीमवर ताणा, म्हणजे हे उभं सूत, गुंडाळणाऱ्याकडूनच एक तार कमी आली होती. थोरलीच्या शेवटच्या गाठीला सातच तारा उरल्या. धाकटीच्या शेवटच्या फासाला आठच. सासू तेव्हा म्हातारी होऊन कोपऱ्यात नुसती बसून असायची. ती उठली, आणि आपल्या जुन्या सवयीनं पाचापाचानं सगळा बीम चाचपून आली. शेवटी तिच्या हातात चार.

"बघा," सासू म्हणाली होती, "एक गेली की प्रत्येकीच्या ताटात एकच घास कमी. आठवालीला एक कमी, नऊवालीला एक कमी, पाचवालीला एक कमी. कुणाला दोन कमी नाही का तीन कमी नाही."

बोलताना म्हातारीचा आवाज एवढा हळू झाला होता, की थोरलीला तिची पहिल्यांदा भीती वाटली. त्यानंतर सासू गेली. बाकी सगळं विसरलं, तिच्या शिव्यासुद्धा विसरल्या, पण तो हळू आवाज थोरलीच्या कानात तसाच बसून राहिला.

आता थोरलीच्या डोळ्यांत ढग आले होते. आधी कडेकडेनं, मग मधोमध. नेढं दिसायचं नाही, पण बोटाला सापडायचं. डाव्या हाताचं बोट सळीवरून खाली घसरायचं, नेढ्यापाशी अडायचं, की उजव्या हातातली आकडी तिथं हजर. बघणाऱ्याला वाटावं, बाई सगळं लख्ख बघतेय. मुकादम मात्र मुकादम होता. त्यानं दाराशी उभं राहून ते बोट बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी नवा बीम आत ढकलून आणला तेव्हा टकलावरून हात फिरवत म्हणाला, "थोरल्या बाई, वाईट वाटून घेऊ नका. हा बीम बिनचूक गेला तर स्टूल तुमचं, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही गेला तर मला दुसरी बाई बघावी लागेल. खालच्या मागावर धोटा अडकला की वरच्यांना तोंड मी देतो, तुम्ही नाही."

"बघा की," थोरली म्हणाली. "बाई काय, बाप्याही बघा. बसेल तर बसू दे."

तोंडानं म्हणाली. पण आत हिशेब वेगळाच होता. स्टूल गेलं तर घर. घरात करायचं काय? नवरा आणि रेडिओ, दोघंही दिवसभर तेच ते बोलणार, आणि बंद फक्त रेडिओ करता येणार.

त्या बीमवर दोघी जावा जिवावर उदार होऊन बसल्या. एरवी हात चालायचे तशी तोंडंही चालायची. सगळ्या गल्लीची धुणी त्या खोलीत धुऊन निघायची. या वेळी चकार शब्द नाही. मागून तार यायची, पुढं ओढली जायची. आठ झाल्या की गाठ. सुताला खळ जास्त लागली होती, तारा एकमेकींना चिकटत होत्या, धाकटी नखानं सोडवून देत होती. शेवटच्या दिवशी दुपारच्या डब्याची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही.

आणि मग धाकटीचे हात थांबले. मागं तार उरली नव्हती.

थोरलीच्या हातात सात तारा होत्या.

तिनं आठव्या राचेच्या सळीवरून बोट खाली आणलं. नेढं रिकामं. पुन्हा आणलं. रिकामंच.

मुकादम दारातच टपून होता. "झालं?"

"मला एक कमी आहे," थोरली म्हणाली. लपवायची सोय नव्हतीच. रिकामं नेढं सगळ्यांना दिसत होतं.

मुकादम मागं वळला. "धाकट्या बाई, तुमचं?"

धाकटी म्हणाली, "माझंही कमीच आहे. शेवटच्या फासात दोनच आल्या."

"म्हणजे बीमच कमी आलाय!" मुकादमाला हायसं वाटलं असावं, त्यालाही थोरलीला उठवायचं जिवावरच आलं होतं. "त्या ताणेवाल्याला आता सोलतो बघा. झोपा काढतो तिकडं!" आणि तो तरातरा निघून गेला.

थोरली सात तारा मुठीत धरून तशीच बसली. वाचलो, असं वाटायला हवं होतं, पण वाटेना. काहीतरी टोचत होतं. दोनच आल्या? तिच्या कानात तो हळू आवाज बोलला. प्रत्येकीच्या ताटात एकच घास कमी. एक तार कमी असती तर नऊवालीच्या हातात आठ यायला हव्या होत्या. दोन नाही. दोन येऊच शकत नाहीत.

ती उठली, चौकटीला वळसा घालून मागं आली. धाकटी घाईघाईनं शेवटच्या फासावर हात ठेवून बसली होती. थोरलीनं तो हात बाजूला केला आणि फासातल्या तारा बोटांनी मोजल्या. नऊ. वर लाल दोरासुद्धा बांधून झालेला.

"धाकटे," ती म्हणाली, "खोटं बोलायचं तर नीट तरी बोलायचं. आठ म्हणायचं होतंस."

"तोंडाला येईल ते बोलले," धाकटी रडवेली झाली. "ताई, बसा ना गप. तो ताणेवाला चार शिव्या खाईल आणि विसरेल. त्याला सवय आहे. तुम्ही उठलात तर मी कुणाशी बोलू इथं?"

"त्याला सवय आहे म्हणून न केलेल्याच्या शिव्या त्यानं खायच्या? आणि बीम असाच मागावर चढला की कापड बोलणारच आहे. एका नेढ्यात दोन तारा गेल्यात कुठंतरी. तुझ्या नऊ पुऱ्या, माझ्या आठ अपुऱ्या, म्हणजे तार आलीय, पण तिला स्वतःचं नेढं मिळालं नाही."

हे बोलता बोलता थोरलीला स्वतःचाच आवाज वेगळा वाटला. कुणी न सांगता हे आपल्याला कसं कळलं? धाकटी खोटं बोलली, ते तिच्या तोंडावरून नाही कळलं. तोंड तर दिसतच नव्हतं. ते आकड्यानं सांगितलं. जणू पाच हजार चाळीस नावाचं कुणी वडीलधारं माणूस तिसऱ्या कोपऱ्यात बसलं होतं, आणि दोघींचं सगळं ऐकत होतं.

"पण शोधणार कुठं?" धाकटी म्हणाली. "सहाशेवर गाठी आहेत. एकेक सोडून मोजायला बसलो तर तारांचा झाडू होईल."

थोरली विचार करत उभी राहिली. आठाच्या नऊ गाठी, तिची मोठी गाठ. नवाचे आठ फास, धाकटीचा लाल दोरा. दोन्हींकडं बहात्तर. म्हणजे तिची मोठी गाठ जिथं संपते, तिथंच मागं लाल दोरा संपायला हवा. त्याच तारेवर. इतकी वर्षं एक पुढून बांधत होती, एक मागून, मधे राचांचं कुंपण, आणि दोघी दर बहात्तर तारांनी एकमेकींना भेटत होत्या, न बघता!

"मधला लाल दोरा धर," ती म्हणाली. "पस्तिसावा. त्याची शेवटची तार मागून हलव."

ती पुढं येऊन स्टुलावर बसली, पस्तिसावी मोठी गाठ शोधली, आणि तिच्या शेवटच्या तारेवर बोट ठेवलं. डोळे मिटून घेतले. तसेही ते उघडे ठेवून फारसा फरक पडत नव्हता.

मागून तार हलली. आठ राचांच्या पलीकडून, हजारो तारांच्या गर्दीतून, ती एकच तार तिच्या बोटाखाली पालीच्या शेपटीसारखी थरथरली.



"भेटली!" ती ओरडली. "इथवर चूक नाही. आता माझ्या उजवीकडं, उरलेल्याच्या मध्यावर जा."

तिथंही भेटली. अजून पुढं गेल्या. या वेळी शेवटच्या तारेवर ठेवलेलं बोट तसंच राहिलं; तिच्या अलीकडची तार हलली. एकीनं चुकामूक. म्हणजे चूक मागं राहिली. जरा अलीकडं. चुकली. अजून अलीकडं. भेटली. एका गाठीला भेट, पुढच्या गाठीला चुकामूक. अठ्ठावन्न आणि एकोणसाठच्या मधे. दोघींनी मिळून बीमला असं दोन्ही बाजूंनी कोंडीत धरलं, जसं पळणाऱ्या कोंबडीला दोन पोरी धरतात.

थोरलीनं एकोणसाठावी मोठी गाठ सोडली आणि आतली एकेक गाठ चिमटीत घेऊन बघितली. चौथी गाठ जाड लागली. आठाच्या जागी नऊ. मग तिनं नेढ्यांवरून बोट फिरवलं, आणि एका नेढ्यात ते अडलं. खळीनं चिकटून दोन तारा एकीसारख्या झाल्या होत्या. नखानं उचकल्या, तशा सुट्या झाल्या.

तेवढ्यात मुकादम ताणेवाल्याला पुढं घालून आला. ताणेवाला आईची, बापाची, सगळ्यांची शपथ घेत होता.

"सोडा त्याला," थोरली म्हणाली. "तार इथं आहे. एका नेढ्यात दोन."

मुकादमाचा चेहरा उतरला. "कुणाच्या हातून?"

"दिली मी," धाकटी म्हणाली.

"ओढली मी," थोरली म्हणाली.

"आणि शिव्या खाल्ल्या मी," ताणेवाला म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत पाय आपटत निघून गेला.

मुकादम टक्कल खाजवू लागला. "चूक झाली म्हणजे बिनचूक नाही झाला. पण मागावर चढायच्या आधी सापडली म्हणजे... बीम तसा गेलाही नाही. आता मी काय समजायचं?"

इथं थोरलीला गप्प राहता आलं असतं. मुकादम विरघळला होता. डोळ्यातून एक टिपूस काढलं असतं तर स्टूल तिचंच होतं. पण ज्या आकड्यानं धाकटीचं खोटं धरलं, त्याच्यासमोर बसून आपण डोळस असल्याचं सोंग करायचं? लाज वाटली असती.

"मला आता नेढ्यातली दुसरी तार दिसत नाही," ती म्हणाली. "हे खरं. पण बोटं शाबूत आहेत. धाकटे, आजपासून पुढं तू बस. मी मागं बसते. मागं मोजायचं आणि सुटं करायचं काम, ते मी अंधारातही करीन."

"मला आठाची सवय नाही हो!"

"मला नवाची आहे का? पण बाई दुसरी नको, आकडी घरातच राहते. काय मुकादम?"

"दोघींत काय ते ठरवा," मुकादम म्हणाला. "बीम तेवढा मागावर द्या." त्याच्या लेखी संपलं. अठ्ठावन्नाव्या गाठीच्या पुढचं सगळं उसवून पुन्हा भरलं. पुढं धाकटी, मागं थोरली. धाकटीनं तेवढ्यात दोनदा आकडी बोटात खुपसून घेतली आणि सासूच्या ठेवणीतली एक शिवी काढली. शेवटी आठव्या राचेच्या नेढ्यात तार गेली.

घरी गेल्यावर थोरलीनं धाकटीच्या लेकीला धरलं. ती शाळेत गणित शिकवायची. "ये इकडं. हा आमचा आकडा काय प्रकार आहे ते सांग."

लेक खडू घेऊन स्वैपाकघराच्या फरशीवर बसली. पहिल्यांदा हसत होती. पाच हजार चाळीसला तिनं दोनानं भागलं, तिनानं भागलं, चारानं, पाचानं. सगळ्यांनी भाग जात होता. सहा, सात, आठ, नऊ, दहा. खडू थांबत नव्हता आणि हसू कमी होत होतं.

"काकू," ती म्हणाली, "एकापासून दहापर्यंत कुणालाच हा नाही म्हणत नाही. अकराला म्हणतो, दोन उरतात. पण बाराला पुन्हा घरात घेतो." तिनं फरशीचा दुसरा कोपरा पुसून घेतला. "एक गुणिले दोन, गुणिले तीन, असं सातापर्यंत गेलं की हाच येतो. आणि नुसते सात, आठ, नऊ, दहा गुणले..."

"तरी हाच," थोरली म्हणाली.

लेकीनं मान वर केली. "तुम्हाला कसं कळलं?"

"आठाच्या नऊ गाठी, त्यांच्या सत्तर मोठ्या. सत्तर म्हणजे साताचे दहा. मी रोज तेच तर बांधते."

लेकीनं फरशीवर आकड्यांची एक लांब रांग लिहिली. मग तिनं मोजून सांगितलं, की किती किती तारांची जुडी बांधली तर शेवटी काही उरणार नाही, अशा साठ तऱ्हा आहेत. याच्याहून लहान कुठल्याच आकड्याला एवढ्या नाहीत.

"आणि एक तार कमी झाली तर?" थोरलीनं विचारलं. "त्या पाच हजार एकोणचाळिसाला कुठली जुडी चालेल?"

लेक भागत बसली. सातानं, अकरानं, तेरानं, सतरानं. फरशी पांढरी झाली. धाकटी आत येऊन ओरडली, "ही फरशी कोण पुसणार?" आणि लेकीचा चेहरा बघून तीही खाली बसली.

"कुठलीच नाही," लेक शेवटी म्हणाली. "एकेकटी तार, नाहीतर सगळ्या मिळून. मधे कुणालाच जागा नाही. आणि एक जास्त झाली, तर फक्त एकाहत्तराच्या एकाहत्तर जुड्या. बाकी सगळ्यांना दार बंद."

साठ दारांचं घर, आणि त्याला भिंत लावून उभं असलेलं बिनदाराचं. मधे अंतर एका तारेचं, जी नखानं तुटते. कुणी ती घरं बांधली नव्हती, कुणी बदलूही शकणार नव्हतं. सासू जन्मायच्या आधीही ती तशीच होती, आणि माग, मुकादम, हा कारखाना सगळं गेल्यावरही तशीच राहणार होती. थोरलीला घेरी आल्यासारखं झालं. तिनं हात टेकला, तर हात खडूच्या आकड्यावरच पडला.

"सासूबाईंना हे ठाऊक असेल का हो?" धाकटीनं विचारलं.

"कोण जाणे. ठाऊक असतं तर त्यावरूनही शिव्या दिल्या असत्या," थोरली म्हणाली. पण तिला तो हळू आवाज आठवत होता. म्हातारीनंही कधीतरी असाच कुठंतरी हात टेकला असणार.

पुढचा बीम आला तेव्हा मागच्या बाजूला थोरली बसली. धाकटीला काही न सांगता तिनं नवाचा फास सोडला आणि साताचा घातला. तेवढीच खोड. पुढं धाकटीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. गल्लीत कुणाची सून कुणाशी भांडली, ते आकडीच्या तालावर चाललं होतं. थोरली हुं हुं करत होती आणि बोटांखालून तारा सोडत होती. चिकटलेली जोडी आली की बोट आपोआप थांबायचं, नख आत जायचं.

दिवस सरले, बीम सरत आला. मागं शेवटच्या थोड्या तारा उरल्या, तेव्हा धाकटी एकदम गप्प झाली. थोरलीनं त्या मोजल्या नाहीत. उगाच आधी कशाला? नुसता फास घातला आणि एकेक पुढं दिली.

"झालं!" धाकटी पुढून ओरडली. "आठवं नेढं भरलं. ताई, तुमचं?"

थोरलीनं शेवटच्या फासावर बोट ठेवलं, आणि एकेक तार चाचपत गेली.

"सात," ती म्हणाली.

"सात? म्हणजे दोन कमी?" धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

"कमी नाही गं," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिच्या नकळत हळू झाला होता. "पुऱ्या."

धाकटीला काही कळलं नाही. तिनं मुकादमाला हाक मारली.